मैनाच्या अंगावरचे पट्टे

सोमवारी सकाळी साडेसहाला आमच्या मैनानं आक्काला लाथ मारली, आणि सात वाजायच्या आत ती बातमी बेळगावात अनगोळला पोचली. निपाणीहून अनगोळला बसनं जायचं म्हटलं तर दीड-दोन तास मोडतात. बातमी बसनं जात नसावी.

मैना म्हणजे आमची गाय. काळीभोर, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. आक्का म्हणजे माझी आई. साऱ्या गल्लीची ती आक्का, म्हणून आमचीही आक्काच. आणि अनगोळला राहतो तो माझा थोरला भाऊ वर्धमान, बँकेत मोठा साहेब. मी निपाणीतल्या एका हायस्कूलला भूगोल शिकवतो. नदीचा उगम, वाऱ्यांच्या दिशा, खंडांची नावं. जनावराच्या मागच्या पायाची दिशा या विषयात माझा काही अभ्यास नव्हता.

खरं सांगायचं तर लाथ आक्काला मारलीच नव्हती, ती बादलीला बसली होती. पण बादली आक्काच्या मनगटाला बसली आणि मनगटाचं हाड चिरलं. मी तोंडात ब्रश तसाच ठेवून धावलो. आक्का खाली बसलेली, दूध सांडलेलं, आणि मैना अशी उभी की जणू तिलाच कुणीतरी मारलंय. मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. ही गाय आमच्याच गोठ्यात जन्मली. तिची आई गेल्यावर आक्कानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. माझे वडील वारल्यापासून आक्का दिवसाकाठी आमच्याशी जेवढं बोलते त्याच्या दुप्पट मैनाशी बोलते. आणि त्या मैनानं लाथ मारावी?

दुपारी दादाचा फोन आला. साहेबी आवाजात म्हणाला, "वृषभ, रविवारी मी टेंपो घेऊन येतोय. माझ्या बँकेतल्या मित्राचं गुंजीला शेत आहे. गाय तिकडं जाईल. आक्काचं वय काय, आणि हे काय चाललंय?"

फोन स्पीकरवर होता. आक्का प्लास्टरमधनं बाहेर आलेल्या बोटांकडं बघत बसली. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत ती जेवते, त्या दिवशी सूर्य मावळला तरी ताट तसंच होतं. माझी बायको क्षमा मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "अहो, गाय गेली तर आक्कांचं काय खरं नाही. रविवारपर्यंत काहीतरी करा."

माझ्याकडं सहा दिवस होते.

मंगळवारी मी सुट्टी टाकली आणि गोठ्यात उलट्या बादलीवर बसून मैनाचं शास्त्रीय निरीक्षण केलं. ती सारखी पाय आपटत होती. शेपूट घड्याळाच्या लंबकासारखं चाललेलं, कातडी थरथरत होती, आणि पुढ्यातल्या वैरणीला तिनं तोंडही लावलं नव्हतं. पुढच्या पायांवर राखाडी माश्या बसलेल्या, सगळ्या तोंड वर करून, शाळेत प्रार्थनेला उभ्या असल्यासारख्या. एक उडाली त्या जागी रक्ताचा थेंब आला.

शेजारचे गोमटेश आप्पा कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून बघत होते. रिटायर झाल्यापासून त्या भिंतीवरची त्यांची ड्यूटी कधी चुकत नाही.

"गोमाशी हाय ती," आप्पा म्हणाले. "घरातली माशी चाटती, ही सुई घालती. नर असो न्हायतर मादी, दोघंबी रक्त पित्यात. पावसुळ्यात लई माजत्यात."

"आप्पा, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

"व्हय की."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कधी?"

मी तडक दुकानात जाऊन औषधाची बाटली आणली. आक्कानं दारातच अडवलं.

"कशाचं औषध हाय?"

"माश्यांचं."

"म्हंजे माश्यांस्नी बरं वाटाय?"

"नाही आक्का. मारायला."

"मग ठेव जा माघारी."

आम्ही जैन, आमच्या घरात पाणी गाळून पितात. मुंगी वाटेत आली तर पाय वळवतात. हे मला ठाऊक होतं, पण मी जरा वाद घातला. "त्या मैनाचं रक्त पितायत, आक्का!"

"त्यांस्नी दुसरं कायतरी खाया येतं का? तुला येतंय, मारल्याबिगर दुसरं कायतरी सुचाय. शिकलायस न्हवं?"

म्हणजे अट अशी ठरली: मैनाला माशी चावता कामा नये, माशी मरता कामा नये, आणि दोघींचाही निकाल रविवारच्या आत लागला पाहिजे.

आप्पांनी कडुलिंबाचा धूर सुचवला. धूर झकास झाला. माश्या गोठ्यातून उठून आमच्या घरात आल्या आणि धूर आप्पांच्या घरात गेला, जिथं त्यांच्या सुनेनं नुकत्याच धुतलेल्या साड्या वाळत घातल्या होत्या. मग मी आमच्या लग्नात आहेर आलेली डबल बेडची मच्छरदाणी गोठ्यात बांधली. क्षमा मच्छरदाणीच्या लेसकडं बघत राहिली. दहा मिनिटांत मैनानं दावं सोडवलं आणि डोक्यावरून मच्छरदाणी घेऊन ती गल्लीत निघाली. लेस कपाळावर, दोन्ही बाजूंना घोळ. आप्पा भिंतीवरनं ओरडले, "अरं, नवरी निघाली, अक्षता कुणाकडं हायत?" गल्लीतल्या बायका बाहेर आल्या. पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसानं गल्लीत गाईच्या पदराला धरून पळणं बरं दिसत नाही, पण मी पळलो.

बुधवारी स्टाफरूममध्ये मोबाईलवर चाळताना मला तो लेख दिसला. जपानात कुणीतरी काळ्या गाईंच्या अंगावर पांढरे पट्टे रंगवले, झेब्र्यासारखे, आणि चावणाऱ्या माश्या निम्म्यानं कमी झाल्या. म्हणे पट्ट्यांमुळं माशीला उतरायची जागा कळत नाही. मी तो लेख तीनदा वाचला. एकही माशी मरत नव्हती! मी आक्काला फोन केला.

"रंग लावल्यानं कुणी मरतंय का?" तिनं विचारलं.

"कुणी नाही."

"मैनाला खाज सुटंल का?"

"नाही."

"मग लाव की. इचारतोस काय!"

परशराम पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवतो आणि बेंदराला बैलांची शिंगं. संध्याकाळी तो ब्रश घेऊन आला आणि मैनाभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "सर, झेब्रा कशाला? वाघ काढू का? माझ्या हातचा वाघ लई भारी येतोय."

"माश्या वाघाला भीत नाहीत."

"मग झेब्र्याला भित्यात?"

"भीत नाहीत, परशराम. गोंधळतात. कुठं उतरावं कळत नाही त्यांना."

"माझंबी तसंच झालंय. सुरवात कुठनं करू?"

त्याच्याकडं पिवळा आणि तांबडा ऑइलपेंट शिल्लक होता. भगवाही होता. पिवळा-तांबडा म्हणजे कन्नड झेंडा, भगवा म्हणजे मराठी; मी दोन्ही हात जोडले. आमच्या या सीमाभागात दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा किती मोठी यावरून दगड पडलेत, तिथं गाईला कुठला रंग लावायचा हा साधा प्रश्न नाही. शिवाय ऑइलपेंटनं तिची कातडी गेली असती. शेवटी पांढरा रंग ठरला, आणि तोही खडूची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून. खडू मी बाजारातून विकत आणले होते, शाळेतून नव्हे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं त्याचीही चौकशी झाली.

मग पट्टे आडवे का उभे यावर आप्पा आणि परशराम यांच्यात अर्धा तास वाद झाला. उभे ठरले. मैना शांत उभी होती. आक्का डाव्या हातानं तिच्या गळ्याखाली खाजवत "झालं हं बाई, झालं" म्हणत होती. काम संपवून परशराम गेला, आणि मी कौतुकानं मागं जाऊन बघतो तर मैनाच्या डाव्या मांडीवर, दोन पट्ट्यांच्या मधे, सुबक अक्षरात लिहिलेलं: 'आर्टिस्ट परशराम. सर्व प्रकारची पेंटिंग कामे', आणि खाली मोबाईल नंबर.

पण गुरुवारी सकाळी मी खरोखर हबकलो, कारण ते पट्टे चालले! आक्कानं जपमाळेवर मोजलं होतं. आदल्या दिवशी धार काढेपर्यंत मैनानं सत्तर वेळा पाय आपटला होता, आज तेवीस वेळा. वैरण अर्धी संपलेली. आक्का सोमवारनंतर पहिल्यांदाच पोटभर जेवली. मी छाती पुढं काढून शाळेत गेलो.

शाळेत हेडमास्तरांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. सकाळी कुणीतरी रस्त्यावरून व्हिडिओ काढला होता. मागं भसाड्या आवाजात चाललेलं, "निपाणीत झेब्रा! बघा, हा जंगली प्राणी आला कुठून?" चार हजार लोकांनी बघितलेला. हेडमास्तर थंडपणे म्हणाले, "मगदूम सर, तुम्ही आफ्रिका शिकवता तेवढं पुरे होतं."

घरी आलो तर दारात जत्रा. चिकोडीहून लोक गाडी करून आलेले. एकजण आक्काला विचारत होता, "आज्जी, ह्याचं दूध काढता?" आक्का म्हणाली, "ह्याचं कसं काढीन? तिचं काढतो आम्ही." परशरामाला तोपर्यंत सतरा फोन आले होते, त्यातले दोन कामाचे होते. आणि गर्दीतून वाट काढत वनखात्याचा खाकी कपड्यातला एक माणूस दोरखंड घेऊन पुढं आला. तक्रार ऑनलाइन झाली होती.

"यारदु री इदु?" त्यानं विचारलं. हे कुणाचं?

"नंदे री," मी म्हणालो, आणि लगेच वाटलं, आपलं आहे हे इतक्या घाईनं कबूल करायला नको होतं.

"परवानगी?"

"साहेब, ही गाय आहे."

तो मैनाजवळ गेला. शिंगं बघितली, कास बघितली, मांडीवरची जाहिरात वाचली. मग मोडक्या मराठीत म्हणाला, "गाय हाय. मला दिसतंय. पण मला दिसून उपयोग न्हाय. तक्रारीत झेब्रा हाय. जनावराच्या डॉक्टरचं लेटर पायजे, ही गाय हाय म्हणून."

"मी आत्ता धुऊन टाकतो."

त्याचा चेहरा कठोर झाला. "धुऊ नका! धुतलं तर झेब्रा लपवला असं होतंय."

शुक्रवारी मी परत सुट्टी टाकून जनावरांच्या दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या माणसाला सांगितलं, आमची गाय गाय असल्याचा दाखला पाहिजे. त्यानं माझ्याकडं न बघता मैनाच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर विचारला आणि कॉम्प्युटरवर घातला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "इल्ला री. ही एम्मे आहे."

इल्ला म्हणजे नाही, एम्मे म्हणजे म्हैस. तीन वर्षांपूर्वी बिल्ला मारताना कुणाचं तरी बोट चुकलं होतं, आणि सरकारदरबारी मैना तेव्हापासून म्हैस होती.

"तक्रारीत झेब्रा, रेकॉर्डला म्हैस," तो समजुतीनं म्हणाला, "आणि तुम्ही तिसरंच काय तरी म्हणताय."

मी समोरच्या बाकावर बसलो. तिथं एक म्हातारा कोंबडी मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं मला पाणी दिलं आणि विचारलं, "जनावर गेलं काय?" मी म्हणालो, "नाही. आहे. पण कोणतं ते कळत नाही."

डॉक्टर मात्र भली निघाली. डॉक्टर निशा, वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढी. सगळं ऐकून घेतलं, हसली नाही, आणि शनिवारी सकाळी स्वतः घरी आली. मैनाचे पाय तपासले, पट्ट्यांवर बोट फिरवून वास घेतला.

"खडू आणि डिंक ना? चांगलं केलंत, त्रास नाही होणार. पट्ट्यांनी फरकही पडतो. पण एक सर आली की सगळं वाहून जाईल. मुळात एवढ्या माश्या येतात कुठून?"

"पावसाळा आहे," मी म्हणालो.

ती गोठ्याच्या मागं गेली. तिथं माझा सेंद्रिय खताचा ढीग होता. शेण, उरलेली वैरण, भाजीची देठं, आणि रोज दोन बादल्या पाणी. या ढिगावर मी रोटरीत भाषण दिलं होतं. गल्लीतल्या चार घरांनी माझं बघून तसे ढीग केले होते. मी अभिमानानं पुढं होऊन सांगायला लागलो, "हा माझा छोटासा प्रयोग..."

डॉक्टरनं काठीनं ढिगाचा एक थर उलटला. खाली सगळं पांढरं, वळवळणारं.

"सर," ती म्हणाली, "गोमाश्यांची शाळा तुम्हीच चालवताय."

मी भूकंपाविषयी पंचवीस वर्षं शिकवलंय. जमीन पायाखालून सरकते म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. आक्काच्या मनगटाला चीर माझ्यामुळं पडली होती. मी तिच्याकडं बघायचं टाळत होतो, पण तीच माझ्याकडं बघत होती. रागानं नव्हे. लहानपणी मी पाटी फोडून आलो की बघायची तसं.

मग तिनं डॉक्टरला विचारलं, "पोरी, हे वाळवलं तर त्येंचा जीव जातोय का?"

डॉक्टरनं काठी खाली ठेवली. "आता आहेत त्यांचं मी खोटं नाही सांगणार, आज्जी. पण इथून पुढं आठवड्यातून दोनदा शेण पातळ पसरून उन्हात वाळवलं, तर माशी अंडीच घालणार नाही. घातलीच नाहीत तर मारायचा प्रश्नच नाही."

"पसरा," आक्का म्हणाली, आणि आत जाऊन पाठ फिरवून माळ घेऊन बसली. मी, क्षमा आणि आप्पांनी मिळून सगळा ढीग घरामागच्या परड्यात पसरला. साळुंक्या आणि कावळे कुठून आले कोण जाणे. तिकडं आक्काचा णमोकार जरा मोठ्यानं सुरू झाला. संध्याकाळपर्यंत माझे गुडघे गेले आणि गल्लीतल्या चारही घरांत जाऊन मी माझं रोटरीतलं भाषण मागं घेऊन आलो.

दाखला संध्याकाळी मोबाईलवर आला, कन्नडमधून. क्षमाचं माहेर चिकोडीकडचं, तिचं कन्नड माझ्यापेक्षा पक्कं. ती वाचायला लागली आणि मधेच थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"डॉक्टरनी बरोबर लिहून दिलं असणार. टाइप करणाऱ्यानं रकाने उलटे भरलेत." तिनं ओठ दाबले. "मालकाचं नाव, मैना. जनावराचं नाव, वृषभ मगदूम. जात, गाय. रंग, काळा. खोड, लाथ मारते."

खाकीवाल्याला मी तो तसाच पाठवला आणि खाली चूक झाल्याचं लिहिलं. त्याचा उलटा फोन आला. "आगली बिड्री, असू दे, सर. गाय हाय असं लिवलंय न्हवं? कुठली का असंना. केस बंद."

रविवारी नऊला दादाचा टेंपो दारात लागला. दादा स्वतः गाय चढवायच्या तयारीनं आला होता, अर्धी चड्डी आणि पांढरे बूट. गोठ्यात आला आणि पट्टे बघून भिंतीला टेकला. "वृषभ," तो म्हणाला, "तू नोकरीत आहेस अजून?"

आक्का मैनाच्या कासेजवळ बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातानं जमेल तशी धार काढत होती, दुसऱ्या बाजूनं क्षमा. मी चरवी धरून उभा. मैना रवंथ करत होती, पाय हलत नव्हता. पण दादाला ते दिसत नव्हतं. बँकेत कर्ज नाकारताना बोलत असेल तसा तो बोलत होता.

"आक्का, मला समजतं तुझी माया आहे. पण जनावराला शिस्त असावी लागते. विनाकारण लाथ मारणारं जनावर घरात ठेवणं म्हणजे... ओय!"

ढीग पसरला तरी चार-दोन माश्या अजून होत्या. मैनाच्या पट्ट्यांवर उतरायला जमेना, आणि समोर दादाची पोटरी उघडी, गोरी, एकरंगी. दादानं किंचाळून पाय झाडला. त्याचा पांढरा बूट माझ्या नडगीवर बसला, माझ्या हातची चरवी उडाली, आणि सगळं दूध दादाच्या चड्डीवर. तो पोटरी धरून एका पायावर नाचत होता. "सुई! सुई घातली कुणीतरी! अगं आई गं!" त्यानं मारायला हात उगारला, तशी आक्का ओरडली, "मारू नगंस!"

तो थांबला. पोटरीवर रक्ताचा एवढासा थेंब होता.

"किती चावल्या रं?" आक्कानं विचारलं.

"एकच! एकच, पण काय आग होतेय, आक्का!"

आक्कानं प्लास्टरचा हात मैनाच्या पाठीवर टेकला. मैनानं मान वळवून तो हुंगला.

"हिला दिसाला शंभर चावत हुत्या," आक्का म्हणाली. "म्हैनाभर सोसलं तिनं, तवा कुठं एक लाथ मारली. तू एका माशीत मारलीस, ती बी सख्ख्या भावाला." मग तिनं दारातल्या टेंपोकडं बघितलं. "तर आता गुंजीला कुणाला पाठवायचं म्हंतोस?"

मी नडगी चोळत होतो. भिंतीवर आप्पा होतेच, त्यांनी चक्क तोंड मिटलेलं, आणि हे निपाणीत पहिल्यांदाच घडत असावं. दाराशी टेंपोवाला गाडीचा मागचा फाळका पाडून केव्हाचा उभा होता. त्याला काही उमजेना.

"साहेब," त्यानं विचारलं, "मग नक्की कुणाला भरायचं?"

दादानं ओल्या चड्डीकडं बघितलं, मग मैनाकडं, मग आक्काच्या हाताकडं.

"फाळका लाव," तो म्हणाला, आणि चरवी उचलून आक्कासमोर धरून बसला.